जिम सुटली, हप्ता सुटेना

दिवाळी जवळ आली की शहरातल्या चौकाचौकांत दोन तऱ्हेचे फलक लागतात. एक चकल्या-करंज्यांचे, आणि दुसरे त्या चकल्या-करंज्या अंगावरून उतरवून देणाऱ्या जिमचे. 'वर्षाचे पैसे भरा, तीन महिने मोफत मिळवा' असे काहीसे त्यांवर लिहिलेले असते. शेजारी दंड फुगवून उभा असलेला तरुण असा हसत असतो की, पैसे भरले म्हणजे तेवढ्यानेच आपली छाती चार बोटे वाढेल असे वाटावे. आत कसे यायचे, हे त्या फलकावर हातभर अक्षरांत असते. बाहेर कसे पडायचे, हे मात्र कुठेच नसते. मला आज त्या बाहेर पडण्याविषयी लिहायचे आहे.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, मराठीच्या प्राध्यापकाने व्याकरण सोडून व्यायामाकडे कधीपासून वळावे? पण प्रकरण घरातले आहे, आणि त्यात व्याकरणही थोडेबहुत आहेच.

आमचे सोनाळा बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले. संत सोनाजी महाराजांचे गाव. कापूस, सोयाबीन आणि संत्र्यांच्या बागा यांवर चालणारे. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना व्यायामाचे कौतुक नवे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुले देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आली, हे आमच्याकडे शाळकरी पोरेही अभिमानाने सांगतात. तालमीत नाव घालायचे म्हणजे मारुतीपुढे नारळ फोडायचा आणि लाल माती कपाळाला लावायची. पोरगे यायचे थांबले, तर वस्ताद फार तर घरी येऊन "काहून रे बाप्पा, आजारी हायस काय?" म्हणून विचारपूस करी. न आलेल्या महिन्याचे पैसे न्यायला आलेला वस्ताद मी तरी ऐकलेला नाही.

शहरात व्यायामाला दर महिन्याची किंमत आली, आणि त्यात वावगे काही नाही. जागेचे भाडे आहे, यंत्रे आहेत, शिकवणाऱ्याचा पगार आहे. मुंबईत विष्णु तळवलकरांनी १९३२ साली व्यायामशाळा काढली आणि पुढे ते नाव मराठी मध्यमवर्गात घरोघरी पोचले. त्या घराण्याच्या कंपनीचे भाग २०१० मध्ये बाजारात आले, देशभर शाखा झाल्या. २०१९ मध्ये कंपनीला कर्जरोख्यांचे देणे फेडता आले नाही, शाखांना टाळी लागली, आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरून बसलेल्या सभासदांना बंद दारासमोर उभे राहावे लागले. मग २०२० चा मार्च आला. महाराष्ट्रातल्या साऱ्या जिम त्या महिन्यात बंद झाल्या, त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. आगाऊ भरलेल्या पैशांचे पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा पडला.

माझ्या भाच्याची गोष्ट याहून साधी आहे. त्याची जिम बुडाली नाही की बंद पडली नाही. ती अजून जोरात चालू आहे, आणि अडचण तीच आहे.

हा भाचा पुण्यात एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम करी. २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे माणसाला संकल्पांची भूक लागते त्या महिन्यात, तो खोलीजवळच्या एका जिममध्ये दाखल झाला. महिन्याला १,५०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेतून आपोआप वळते होणार. कागदावर सही नाही. मोबाईलवर सहा आकडी ओटीपी आला, तो त्याने टाकला आणि यंत्रांकडे गेला. सात महिने नेमाने गेला, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्टमध्ये माझ्या मेहुण्यांना अर्धांगाचा झटका आला. बागेला पाणी द्यायला घरी दुसरे कोणी नाही, तेव्हा त्याने नोकरीचा राजीनामा दिला, खोली सोडली आणि सोनाळ्याला आला. निघण्याआधी जिममध्ये जाऊन त्याने सांगितले. तिथला शिकवणारा मुलगा भला होता. "झाले रद्द, वडिलांना जपा," असे त्याने मोबाईलवर लिहूनही पाठवले.

सप्टेंबरच्या ५ तारखेला १,५०० गेले. ऑक्टोबरच्या ५ तारखेला गेले, नोव्हेंबरच्याही गेले. नोव्हेंबर संपताना एकदम ३,५४० गेले. घरात कोणाला पत्ता नाही, कारण बँकेचे संदेश पुण्याच्या सिमकार्डवर येत होते आणि त्यात पैसे भरायचे त्याने बंद केले होते. त्याच खात्यात बागेच्या सौद्याची इसाराची रक्कम ठेवलेली होती, आणि तीतून धाकट्या भाचीची नर्सिंग कॉलेजची आणि वसतिगृहाची फी जायची होती. डिसेंबरच्या ५ तारखेला तर खात्यात हप्त्यापुरतेही पैसे नव्हते. बागेच्या फवारणीसाठी त्याने आदल्या आठवड्यात बरीचशी रक्कम काढली होती आणि उरलेल्यात भागेल असे धरून चालला होता. हप्ता परत गेला. परत गेल्याबद्दल बँकेने ५०० रुपये आणि त्यावर ९० रुपये जीएसटी लावला. सारे मिळून ८,६३०. फी भरायच्या दिवशी आकडा जुळेना, तेव्हा बहिणीने शेजारच्या काकूंकडून सहा हजार हातउसने आणले. शेजारणीला कारण काय सांगायचे? पोराच्या कसरतीचे?

त्या रात्री तिचा मला फोन आला. "भाऊ, पोरगं त चार महिन्यांपासून घरी हाय. मंग तिकडं त्याच्या नावानं कसरत कोन करून राह्यलं?"

मागून भाच्याचा आवाज आला, "मामा, त्यायनं सोताच लेहून देल्लं ना रद्द झालं म्हून! मंग हे पैसे कोन कापून राह्यलं?"

हा 'कोण' मोठा महत्त्वाचा. मी वर्गात प्रयोग शिकवतो. कर्तरी प्रयोगात कर्ता समोर उभा असतो, कर्मणीत तो लपू शकतो. बँकेचा संदेश नेहमी कर्मणीत असतो : आपल्या खात्यातून रुपये अमुक वजा करण्यात आले. कोणी केले? बँक म्हणते, आम्ही नाही, जिमने मागितले. जिमचा शिकवणारा म्हणतो, मी तर नाव काढून टाकले. हिशेबखिडकीवरची मुलगी म्हणते, यंत्रातून आपोआप जाते. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि पैसे गेलेलेच असतात.

खरी मेख अशी की, भाच्याने त्या दिवशी एक नव्हे, दोन करार केले होते. पहिला जिमशी : मी येईन, पैसे देईन. दुसरा बँकेशी : हे लोक मागतील तेव्हा माझ्या खात्यातून देत जा. या दुसऱ्याला बँकवाले मँडेट म्हणतात. आपण त्याला परवानगी म्हणू. पहिला करार मोडला म्हणून दुसरा मोडत नाही. जिमच्या वहीतून नाव गेले तरी बँकेच्या वहीत परवानगी जिवंत असते, आणि जिमच्या हिशेबयंत्राला बँकेची वहीच तेवढी वाचता येते.

ती परवानगी आम्ही बँकेतून काढवून पाहिली, तेव्हा तीत दोन गोष्टी होत्या. हप्ता १,५०० चा असला तरी रकमेपुढे 'जास्तीत जास्त ५,०००' असे होते. म्हणूनच ३,५४० एका फटक्यात जाऊ शकले : ३,००० 'सभासदत्व रद्द करण्याचा आकार' आणि ५४० जीएसटी. आणि शेवटची तारीख भाच्याच्या वयाची पन्नाशी उलटल्यानंतरची होती! सव्वीस वर्षांच्या मुलाने छप्पन्नाव्या वर्षापर्यंत दंडबैठका काढाव्यात, अशी त्या जिमची सदिच्छा असावी. कमाल रक्कम फुगवून ठेवणे आणि मुदत लांबवणे ही हिशेबखात्याची सोय असते, कारण दर वाढला तर पुन्हा ओटीपी मागायला नको. पण ती सोय कोणाच्या खिशातून होते, हे ओटीपी टाकण्याआधी पडद्यावर असते. दोन मिनिटे थांबून वाचले तर दिसते.

आता ही परवानगी मागे घेण्यासाठी जिमची संमती लागत नाही, ही गोष्ट सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. आमच्या महाविद्यालयातल्या एका अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनीही मला ठासून सांगितले की, ज्याने लावली त्यानेच काढली पाहिजे. तसे नाही. खाते आपले, परवानगी आपली. यूपीआयवर ती दिली असेल, तर २०२० पासून चालू झालेल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मोबाईलवरच रद्द करता येते. कार्डावर दिली असेल तर बँकेच्या संकेतस्थळावर. भाच्यासारखी नॅचमधून, म्हणजे थेट खात्यावर दिलेली असेल, तर नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन. अर्जात त्या परवानगीचा यूएमआरएन क्रमांक लिहायचा. तो खातेउताऱ्यात सापडतो, न सापडला तर बँकेने शोधून द्यायचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नये.

कार्ड आणि यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून एक चांगला नियम लागू केला. पैसे जाण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, आणि तिथूनच नको म्हणता आले पाहिजे. ठरावीक रकमेपेक्षा मोठा हप्ता असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ च्या जूनपासून १५,००० झाली. जिमचा हप्ता तीत आरामात बसतो. पण हा नियम नॅचला लागू नाही. म्हणून जिमवाल्याने दोन्ही पर्याय पुढे ठेवले, तर यूपीआय किंवा कार्ड निवडावे असे माझे मत आहे. आणि सिमकार्ड सोडताना बँकेतला क्रमांक बदलून घ्यावा, हे सांगायला प्राध्यापक नको. पण घाईत घर सोडणाऱ्या मुलाला ते आठवावे, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. हल्ली वर्षाची फी 'बिनव्याजी हप्त्यांत' भरा म्हणतात, तेव्हा पुष्कळदा जिमला सारे पैसे एकदम मिळालेले असतात आणि आपण हप्ते फेडत असतो ते तिसऱ्याच एका वित्तकंपनीचे. ते कर्ज असते. जिम सोडली म्हणून कर्ज सुटत नाही. तिथे घाईघाईने परवानगी बंद केली, तर दंड लागतो, कर्जफेडीच्या नोंदीवर डाग पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाने, देणे असलेल्या रकमेचा असा हप्ता पैशांअभावी परत जाणे हा, चेक न वटण्यासारखाच, गुन्हा होऊ शकतो. म्हणून आधी पाहावे की आपले देणे कोणाचे आहे. कर्ज असेल तर प्रथम जिमकडून लेखी परतावा मागावा, त्याची प्रत वित्तकंपनीला द्यावी, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

जिमची बाजू अगदीच लंगडी असते असेही नाही. भाच्याच्या अर्जात 'एक महिना आधी ईमेलने कळवावे' अशी अट होती. शिकवणाऱ्या मुलाचा मोबाईलवरचा निरोप त्या अटीत बसत नव्हता. तेव्हा सप्टेंबरचे १,५०० जिमचे, असे मी भाच्याला सांगितले. तो नाराज झाला, पण ऐकले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे ३,००० मात्र कुठल्याही हिशेबाने त्यांचे नव्हते, आणि तो ३,५४० चा आकार तर मुळीच नाही. अर्जात त्याविषयी एवढेच लिहिले होते : प्रशासकीय आकार प्रचलित दराने लागू. प्रचलित म्हणजे किती? आकडा कुठेच नाही. भाजीवालीने 'वांगी प्रचलित दराने' अशी पाटी लावली, तर तिच्याकडून पावशेर वांगी कोण घेईल?

या विषयावर अमेरिकेत एक अभ्यास झाला आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन हेल्थक्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या, आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याचे ठोक पैसे भरणाऱ्यांना एकेक खेप सरासरी १७ डॉलरहून अधिक पडत होती. दहा खेपांचा पास घेतला असता, तर तीच १० डॉलरला पडली असती. शेवटचे पाऊल जिममध्ये टाकल्यापासून प्रत्यक्ष सभासदत्व रद्द करेपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ मध्ये जात होता. मंडळी आळशी होती असे नव्हे. उद्या जाईन, या आशेवर ती पैसे देत होती. त्या आशेचा हिशेब धंद्याच्या वहीत आधीच मांडलेला असतो. माझा भाचा आशेवर नव्हता, पण त्याचे पैसे गेले त्याच वाटेने.

जर्मनीत यावर १ जुलै २०२२ पासून कायदा आहे. संकेतस्थळावरून सभासद करून घेणाऱ्याने तिथेच ठळक 'करार रद्द' असे बटण ठेवले पाहिजे. अमेरिकेत असाच नियम २०२४ मध्ये मंजूर झाला आणि २०२५ च्या जुलैत न्यायालयाने तो रद्द ठरवला. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन व्यवहारांतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत वर्गणीचा सापळा, म्हणजे आत येणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड करून ठेवणे, ही एक आहे. ग्राहकाला न्याय मागायचा हक्क आहे, हे महाराष्ट्राला शिकवायला बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली, पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक कायदा मिळाला. आत्ताचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून अमलात आलेला. त्यात सोनाळ्यासारख्या गावात राहणाऱ्याच्या फार कामाची एक गोष्ट आहे. जिम पुण्यात असली तरी तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे पुण्याच्या फेऱ्या नकोत, बुलढाणा पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. करारच मुळात अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. वाजवी सेवा मिळाली नाही, नको ते पैसे घेतले, एवढ्यासाठी जिल्हा पुरतो.

आमचा क्रम असा झाला. आधी बँकेच्या शाखेत परवानगी रद्द करण्याचा अर्ज दिला, शिक्क्यासह. मग जिमला ईमेल, सोबत शिकवणाऱ्याचा तो निरोप आणि खातेउतारा. पत्राचा मसुदा मी केला. त्यात एकही विशेषण ठेवले नाही. भाच्याने घातलेले 'लुटारू' खोडले. आठ दिवसांत उत्तर आले नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. ती त्यांनी जिमकडे पाठवली आणि तीन आठवड्यांत ३,००० रुपये परत आले, काही एक न बोलता. बँकेने ५९० परत करण्याचे साफ नाकारले, आणि नियमाने तिचे चुकत नाही, कारण त्या दिवशी परवानगी चालूच होती. बँकेचेच चुकले असते तर तिला लेखी कळवून ३० दिवस वाट पाहायची आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, असा रस्ता आहे. त्या ३,५४० बद्दल जिमने लिहिले की तो आकार धोरणानुसार आहे. ते धोरण पाठवा, असे आम्ही दोनदा लिहिले. ते आलेले नाही. आता ५९० जिमकडूनच मागून, ३,५४० सकट, बुलढाण्याच्या आयोगात तक्रार दाखल केली आहे. शेजारच्या काकूंचे सहा हजार कापूस विकल्यावर जानेवारीत फिटले.

बँकेत बसलो असताना तिथल्या बाईंनी भाच्याच्या खात्यावरच्या साऱ्या परवानग्यांची यादी काढून दिली. जिमखेरीज आणखी चार निघाल्या. एक सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीची, एक मोबाईलच्या विम्याची, एक कुठल्या तरी वर्तमानपत्राची. त्या तीन त्याने तिथेच रद्द करवल्या. चौथी कसली आहे ते त्यालाही आठवेना आणि बाईंनाही सांगता येईना. तेव्हा बँकेच्या मुख्य कचेरीला त्याचे पत्र गेले आहे.